भाड्याची गाडी, राजेशाही थाट

मी ज्या फ्रिस्को गावात राहतो त्या गावाच्या नावातच एक अर्धवट राहिलेला प्रवास आहे. सेंट लुईस-सॅन फ्रान्सिस्को रेल्वे नावाची एक कंपनी होती. लोक तिला सोयीसाठी 'फ्रिस्को लाइन' म्हणत. १९०२ च्या सुमारास तिचे रूळ उत्तर टेक्सासच्या या माळरानावर आले. जवळच लेबनन नावाची जुनी वस्ती होती, पण ती उंचवट्यावर, त्यामुळे रेल्वे तिला टाळून चार मैल पश्चिमेकडून गेली. मग लेबननच्या काही लोकांनी चक्क आपली घरे उचलून रुळांशेजारी आणून ठेवली. नव्या गावाला आधी 'एमर्सन' म्हणायचे ठरले होते, पण टेक्सासात मिळतेजुळते नाव आधीच असल्यामुळे टपाल खात्याने ते नाकारले. १९०४ मध्ये रेल्वेचे नाव गावाला चिकटले. गंमत अशी की ही रेल्वे सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत कधी पोचलीच नाही. १९८० साली ती दुसऱ्या कंपनीत विलीन झाली आणि नाव उरले ते आमच्या गावापुरते.

२००० च्या जनगणनेत या गावाची लोकसंख्या ३३,७१४ होती, २०२० मध्ये ती २,००,५०९ झाली. या वाढीत आपल्या मंडळींचा वाटा किती, हे शनिवारी सकाळी कुठल्याही देशी दुकानाच्या पार्किंगमध्ये उभे राहिले की कळते. त्याच पार्किंगमध्ये गेल्या काही वर्षांत एक नवीनच दृश्य दिसू लागले आहे. एरवी होंडा ओडिसी चालवणारे आपले जोशी-पाटील एखाद्या शनिवारी पोर्शे किंवा ॲस्टन मार्टिनमधून उतरतात. लॉटरी वगैरे लागलेली नसते. मुलीचे ग्रॅज्युएशन असते, लग्नाचा पंचविसावा वाढदिवस असतो, किंवा नुसताच तीन दिवसांचा लाँग वीकएंड असतो. गाडी भाड्याची. सोमवारी परत.

तर वाचकहो, आजचा लेख या प्रकाराच्या इतिहासावर. लांबच्या प्रवासाला बनवलेली उंची गाडी, भाड्याने, आणि तीही स्वतः चालवायची. या तीन गोष्टी एकत्र कशा आल्या ते पाहू. त्या एकत्र यायला अडीचशेच्या वर वर्षे लागली, आणि आपल्याकडे अजून त्या नीटशा एकत्र आलेल्या नाहीत.

सुरुवात शब्दापासून करू. गाडीच्या मागे 'जीटी' ही दोन अक्षरे असतात ती 'ग्रान तुरिस्मो' या इटालियन शब्दांची, आणि त्यांच्या मागे आहे इंग्रजांची 'ग्रँड टूर'. हा शब्दप्रयोग १६७० साली छापलेल्या रिचर्ड लॅसल्स या इंग्रज पाद्र्याच्या इटलीवरील पुस्तकात सापडतो. त्या काळी इंग्लंडातल्या खानदानी घरातला मुलगा शिक्षण संपले की फ्रान्स, स्वित्झर्लंड, इटली असा वर्ष-दोन वर्षांचा प्रवास करी. सोबत एक शिक्षक, एक-दोन नोकर. चित्रे पाहायची, भाषा शिकायची, तलवारबाजी आणि नाच शिकायचा, आणि (घरी पत्रात लिहायचे नाहीत असे) आणखीही बरेच काही शिकायचे.

आपल्याकडे मोठा प्रवास म्हणजे काशीयात्रा, आणि ती बहुधा संसार आटोपल्यावर. माणूस निरवानिरव करून निघायचा, कारण परत येण्याची खात्री नसे. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ मध्ये तरुणपणी उत्तरेत गेले ते दक्षिणेच्या आशेने, घरावरचे कर्ज फेडायला, आणि नेमके बंडाच्या धामधुमीत सापडले. म्हणजे प्रवास हा एकतर पुण्यासाठी नाहीतर पोटासाठी. प्रवासासाठी प्रवास, तोही ऐन तारुण्यात आणि बापाच्या खर्चाने, ही चैन आपल्या मध्यमवर्गाला आत्ता आत्ता कळू लागली आहे.

या ग्रँड टूरवाल्यांना गाडी लागे. स्वतःची घोडागाडी समुद्रापार न्यायची म्हणजे कटकट, म्हणून फ्रान्सच्या किनाऱ्यावर कॅले बंदरात उतरले की तिथेच गाडी मिळण्याची सोय झाली. तिथल्या देसँ नावाच्या हॉटेलवाल्याचा इंग्रज प्रवाशांना घोडागाड्या पुरवण्याचा धंदा इतका प्रसिद्ध होता की लॉरेन्स स्टर्नच्या १७६८ सालच्या 'सेंटिमेंटल जर्नी' या पुस्तकात तो पात्र म्हणून येतो. आज विमानतळावर उतरल्यावर गाड्यांच्या काउंटरपुढे जी रांग लागते तिचा मूळपुरुष हा. इटलीत 'वेत्तुरिनो' नावाचा गाडीवान भेटे. त्याच्याशी एकरकमी ठरवले की घोडे, गाडी, वाटेतले जेवण आणि रात्रीचा मुक्काम सगळे त्याच्या अंगावर. पण एक गोष्ट लक्षात घ्या. गाडी भाड्याची असली तरी लगाम गाडीवानाच्या हातात असे. घोडे हा जिवंत माल. त्यांना किती पळवायचे, कुठे पाणी पाजायचे हे परक्या माणसावर कोण सोडणार?

पुढे नेपोलियनच्या लढाया आल्या, मग आगगाडी आली, आणि ग्रँड टूर संपली. नाव मात्र उरले. १९२९ साली अल्फा रोमिओने आपल्या ६सी १७५० या मॉडेलच्या एका प्रकाराला 'ग्रान तुरिस्मो' म्हटले. महायुद्धानंतर १९५१ साली लान्चियाची ऑरेलिया बी-२० जीटी आली आणि या जातीच्या गाडीचा नमुना पक्का झाला. स्पोर्ट्स कार आणि जीटी यांत लोक गल्लत करतात, म्हणून इंजिनिअरच्या भाषेत थोडक्यात सांगतो. स्पोर्ट्स कार वळणासाठी बनवतात, जीटी अंतरासाठी. तिला पक्के छप्पर हवे, दोन मोठ्या माणसांना दिवसभर बसवेल अशा खुर्च्या हव्यात (मागच्या दोन जागा मुलांसाठी किंवा शत्रूंसाठी), दोन बॅगा मावायला हव्यात, आणि इंजिन असे हवे की ताशी शंभर मैलांवरही ते रडत नाही, गुणगुणते. सकाळी मिलानहून निघून संध्याकाळी समुद्रावर जेवायला पोचायचे आणि उतरल्यावर कंबर धरायची नाही, हा तिचा उद्देश. (आमच्या मुलांच्या पिढीला मात्र 'ग्रान तुरिस्मो' म्हणजे १९९७ साली प्लेस्टेशनवर आलेला खेळ. फ्रिस्कोत २०१६ पासून व्हिडिओ गेमचे राष्ट्रीय संग्रहालयही आहे, त्यामुळे त्यांच्या बोलण्याला गावात मान आहे.)

आता भाड्याकडे वळू.

युरोपात मार्टिन सिक्स्ट याने १९१२ साली म्युनिकमध्ये तीन गाड्यांवर धंदा सुरू केला. गिऱ्हाईक मुख्यतः फिरायला आलेले श्रीमंत इंग्रज आणि अमेरिकन, म्हणजे पुन्हा ग्रँड टूरचेच वारस. दोन वर्षांत महायुद्ध पेटले आणि गाड्या लष्कराने ताब्यात घेतल्या. अमेरिकेत ओमाहा गावी जो सॉन्डर्सने १९१६ मध्ये फोर्ड मॉडेल टी भाड्याने द्यायला सुरुवात केली. दर मैलाला १० सेंट. मैल मोजायला पुढच्या डाव्या चाकाला मीटर बसवलेला. पहिले गिऱ्हाईक एक फिरता विक्रेता होता आणि त्याला गावातल्या एका मुलीला फिरायला न्यायचे होते, अशी आख्यायिका सांगतात. खरी असो वा नसो, भाड्याच्या गाडीचा आणि 'इंप्रेशन मारण्याचा' संबंध किती जुना आहे हे तिच्यावरून कळते.

१९१८ मध्ये शिकागोत वॉल्टर जेकब्स या बावीस वर्षांच्या तरुणाने बारा मॉडेल टी घेऊन दुकान थाटले. गाड्या जुन्या, दुरुस्ती आणि रंगकाम स्वतःच केलेले. पाच वर्षांत धंदा वर्षाला १० लाख डॉलर उलाढालीपर्यंत गेला आणि १९२३ मध्ये तो जॉन हर्ट्झने विकत घेतला. हा हर्ट्झही आपल्यासारखाच परका. आजच्या स्लोव्हाकियात जन्मलेला आणि लहानपणी आईबापांबरोबर शिकागोला आलेला. शिकागोत त्याने पिवळ्या टॅक्सी काढून पैसा केला होता. टॅक्सीवाल्याने ड्रायव्हर नसलेल्या गाड्यांचा धंदा घ्यावा, हे मला फार सूचक वाटते. १९२६ मध्ये हर्ट्झने तो जनरल मोटर्सला विकला आणि १९५३ मध्ये पुन्हा परत मिळवला. जेकब्स मात्र या सगळ्या उलथापालथीत १९६० पर्यंत धंद्याच्या प्रमुखपदी राहिला. नाव हर्ट्झचे झाले, घडवला जेकब्सने.

या सगळ्यांपुढे खरा प्रश्न गाड्यांचा नव्हता, विश्वासाचा होता. अनोळखी माणूस येतो, शेकडो डॉलरची वस्तू घेऊन जातो, आणि ती परत आणील अशी आपण आशा करतो! त्यातून १९२० ते १९३३ अमेरिकेत दारूबंदी. चोरटी दारू वाहणारे आणि बँका लुटणारे भाड्याच्या गाड्या वापरत, कारण पकडले गेले तरी स्वतःची गाडी जप्त होत नसे. धंद्याचे नाव खराब झाले. त्यावर उपाय म्हणून ओळख पटवण्याची, आगाऊ रक्कम ठेवण्याची, कार्ड देण्याची पद्धत हळूहळू आली. हर्ट्झने १९२६ मध्येच स्वतःचे उधारीचे कार्ड काढले होते. मग १९४६ साली वॉरन एव्हिस या लष्करी वैमानिकाच्या लक्षात आले की विमान माणसाला गावाबाहेर आणून सोडते आणि पुढे त्याला पाय नसतात. त्याने मिशिगनमधल्या विलो रन विमानतळावर मोजक्या गाड्यांनिशी काउंटर टाकले. कॅलेच्या देसँचे दुकान अशा तऱ्हेने पुन्हा उघडले, फक्त जहाजाच्या जागी विमान आले.

इथवर गाड्या साध्याच होत्या. उंची जीटी आणि भाडे यांची गाठ बांधली ती एका टेक्सासच्या माणसाने. कॅरोल शेल्बी, जन्म १९२३, गाव लीसबर्ग. आमच्या फ्रिस्कोपासून पूर्वेला शंभर-सव्वाशे मैलांवर. हा आधी कोंबड्या पाळत असे. शेतातून थेट शर्यतीला जायला लागल्यामुळे एकदा तो पट्ट्यापट्ट्यांच्या शेतकरी डगल्यातच गाडीत बसला, आणि पुढे तोच त्याचा पोशाख ठरला. १९५९ साली ॲस्टन मार्टिनमधून रॉय साल्वादोरीच्या जोडीने त्याने ल मान्सची २४ तासांची शर्यत जिंकली. दुसऱ्याच वर्षी हृदयविकारामुळे शर्यती सोडाव्या लागल्या. मग त्याने इंग्लंडच्या एसी कंपनीच्या हलक्या गाडीत फोर्डचे व्ही-८ इंजिन बसवून कोब्रा काढली. १९६४ मध्ये फोर्डची मस्टँग आली. दिसायला देखणी, पण शर्यतवाले तिला 'सेक्रेटरीची गाडी' म्हणून हिणवत. फोर्डने ती शेल्बीच्या हाती दिली आणि १९६५ मध्ये जीटी-३५० तयार झाली. ३५० म्हणजे अश्वशक्ती असे पुष्कळांना वाटते. प्रत्यक्षात अश्वशक्ती होती ३०६. नावावर चर्चा करून कंटाळलेल्या शेल्बीने एका सहकाऱ्याला समोरच्या इमारतीपर्यंतचे अंतर पावलांनी मोजायला सांगितले, ते साडेतीनशेच्या आसपास भरले, आणि ठेवले नाव! हा किस्सा शेल्बी स्वतःच सांगत असे. तांत्रिक बैठकांमध्ये ज्यांचे आयुष्य गेले आहे त्यांना यावर विश्वास ठेवणे जड जाणार नाही.

शेल्बीच्या कंपनीचा व्यवस्थापक पेटन क्रेमर याने हर्ट्झपुढे प्रस्ताव ठेवला आणि १९६६ साठी हजाराच्या घरात गाड्यांची ऑर्डर मिळवली. हीच ती जीटी-३५० एच. बहुतेक काळ्या, त्यावर सोनेरी पट्टे. दिवसाला १७ डॉलर आणि मैलाला १७ सेंट. वय २५ च्या वर आणि हर्ट्झच्या स्पोर्ट्स कार क्लबचे सभासदत्व, एवढ्या अटी. जरा हिशोब करू. दोन दिवस आणि ३०० मैल धरले तर ३४ अधिक ५१, म्हणजे ८५ डॉलर. त्या वर्षी केंद्र सरकारने ठरवलेले किमान वेतन तासाला सव्वा डॉलर होते, म्हणजे ६८ तासांची मजुरी. स्वस्त नव्हे, पण कारखान्यातल्या कुशल कामगाराने वर्षातून एकदा हौस म्हणून ठरवले तर अशक्यही नव्हे. नवी गाडी घ्यायला साडेचार हजारांच्या आसपास लागत. मालकी आणि अनुभव यांची फारकत झाली ती इथे.

लोकांनी या गाड्या कशा वापरल्या याच्या दंतकथा अजून चवीने सांगतात. शुक्रवारी न्यायची, शनिवारी-रविवारी शर्यतीत पळवायची, सोमवारी साळसूदपणे परत. कुणी म्हणे संरक्षक पिंजरा ठोकून शर्यत केली आणि परत देताना भोके गालिच्याखाली दडवली. कुणी इंजिनच बदलून घेतले. यातले किती खरे ते सोडा, पण कंपनीने सुरुवातीच्या काही गाड्या हाताने गिअर टाकायच्या घेतल्या आणि पुढच्या बहुतेक ऑटोमॅटिक घेतल्या, हे खरे आहे. क्लच जाळणारी गिऱ्हाइके कोणाला परवडतात? ब्रेकही शर्यतीच्या धाटणीचे होते आणि थंड असताना नीट धरत नसत, म्हणून पेडल नेहमीपेक्षा जोरात दाबावे लागेल अशी सूचना गाडीत चिकटवलेली होती. वर्षभराने या गाड्या फोर्डकडे परत गेल्या आणि वापरलेल्या म्हणून विकल्या गेल्या. आज त्यातली एखादी चांगल्या स्थितीतली निघाली तर लाख डॉलरच्या वर सहज जाते. हर्ट्झने हा प्रयोग २००६ मध्ये ५०० गाड्यांनिशी पुन्हा केला, पुढे २०१६ मध्येही केला. शेल्बी २०१२ मध्ये डॅलसला वारला.

पण १९६६ मधल्या त्या काउंटरवर कोण उभे राहू शकत होते, हेही विचारले पाहिजे. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांसाठी मोटर ही चैन नव्हती, बस आणि रेल्वेतल्या अपमानातून सुटका होती. तरीसुद्धा कुठे उतरायचे, कुठे जेवायचे हे सांगणारे 'ग्रीन बुक' न्यूयॉर्कच्या व्हिक्टर ग्रीन नावाच्या पोस्टमनला १९३६ मध्ये काढावे लागले आणि ते साठीच्या दशकात नागरी हक्कांचा कायदा होईपर्यंत निघत राहिले. बायकांची गोष्ट वेगळी नाही. १९७४ चा समान पतहक्काचा कायदा येईपर्यंत कमावत्या बाईलाही स्वतःच्या नावाने उधारीचे कार्ड मिळवायला नवऱ्याची सही मागत. कार्ड नाही तर गाडी नाही. विश्वासाचे यंत्र बनले खरे, पण ते सगळ्यांना एकाच मापाने मोजत नव्हते.

आपल्या पिढीने याची सौम्य आवृत्ती पाहिली आहे. मी १९९९ साली डॅलसला आलो तेव्हा खिशात पुरेसे पैसे, आंतरराष्ट्रीय परवाना, कंपनीचे पत्र सगळे होते. काउंटरवरच्या बाईंनी नम्रपणे सांगितले की क्रेडिट कार्डाशिवाय गाडी मिळणार नाही. रोख अनामत ठेवतो म्हटले तरी नाही. आणि कार्ड का मिळत नाही? तर पूर्वी कधी कर्ज काढलेले नाही म्हणून! आयुष्यभर कर्ज न काढणे हा ज्या घरात सद्गुण मानला त्या घरातल्या माणसाला हे पचायला वेळ लागतो. आमच्या अपार्टमेंटमध्ये सहा जण राहत आणि कार्ड एकाकडेच. तो आमचा पाटील. शनिवारी कुठे जायचे ते तोच ठरवी आणि गाडी तोच चालवी. बाकी पाच जण पेट्रोलचे पैसे देत आणि त्याच्या निवडीची जुनी हिंदी गाणी ऐकत.

पुढे वडील इकडे आले. ते एसटीच्या कार्यशाळेत मेकॅनिक होते. त्यांच्या पंच्याहत्तरीला मी एक मस्टँग जीटी दोन दिवसांसाठी घेतली. गाडी घेताना त्यांनी बॉनेट उघडायला लावले, पाच मिनिटे इंजिन नुसते ऐकले आणि 'टॅपेट बरोबर आहेत' असा निकाल दिला. मग ऑस्टिनच्या पुढे १३० नंबरच्या हमरस्त्यावर नेले. तिथे २०१२ पासून ताशी ८५ मैलांची मुभा आहे, अमेरिकेतली सर्वांत जास्त. वेगाबद्दल ते काही बोलले नाहीत. पेट्रोल भरायला थांबलो तेव्हा म्हणाले, "अरे, त्या पोराने तुझं घरसुद्धा पाहिलं नाही, तरी एवढी गाडी दिली?" आम्हाला अभिमान इंजिनाचा वाटतो, त्यांना आश्चर्य त्या किल्लीचे वाटले. खरे तर दोन्हींतले अवघड यंत्र किल्लीमागचेच.

कारण किल्लीमागे कायदा आणि विमा आहे. न्यूयॉर्कसारख्या काही राज्यांत भाडेकरूने अपघात केला तर गाडीच्या मालक कंपनीवरही भरपाईचा बोजा येई, कंपनीची चूक असो वा नसो. ऑगस्ट २००५ मध्ये 'ग्रेव्हज दुरुस्ती' म्हणून ओळखले जाणारे कलम केंद्रीय कायद्यात आले आणि ही टांगती तलवार गेली. आता गाडी देणारा स्वतः निष्काळजी नसेल तर केवळ मालक म्हणून त्याला धरता येत नाही. पुढे २०१५ मध्ये टुरो हे नाव घेतलेल्या कंपनीच्या माध्यमातून शेजाऱ्याची पोर्शेसुद्धा भाड्याने मिळू लागली. बोजा मात्र आता आपल्याकडे सरकला आहे, हे घेणाऱ्याने विसरू नये. पुष्कळ क्रेडिट कार्डांचे फुकटचे विमा संरक्षण महागड्या आणि दुर्मीळ गाड्यांना लागू होत नाही. स्वतःच्या गाडीची पॉलिसी भाड्याच्या गाडीला किती रकमेपर्यंत चालते, गाडी दुरुस्तीला पडून असतानाचे भाडे कोण देणार, हे एजंटला आधी विचारावे. अनामत रकमेसाठी कार्डावर किती पैसे अडकतात तेही पाहावे. आणि कराचे बिल शांतपणे वाचावे. टेक्सास राज्य अल्पमुदतीच्या भाड्यावर १० टक्के कर घेते. शिवाय डॅलसने १९९८ मध्ये आणि आर्लिंग्टनने २००४ मध्ये मतदान घेऊन स्टेडियम बांधण्यासाठी भाड्याच्या गाड्यांवर ५ टक्के जादा कर बसवला. परगावच्या माणसाला मत नसते, म्हणून त्याच्यावर कर बसवणे सोपे. यात्रेकरूंवर कर बसवणारे जुने राजेही हेच गणित जाणून होते.

आता आपल्याकडे वळू. उंची गाडीचे वेड आपल्याला कमी नाही. कोल्हापूरच्या दसऱ्याला राजाराम महाराजांची मेबॅक निघते तेव्हा ती पाहायला गर्दी लोटते. भाड्याचीही परंपरा आहे. वरातीला फुलांनी मढवलेली इंपाला ज्यांनी पाहिली आहे त्यांना ती आठवत असेल. पण ड्रायव्हर गाडीबरोबर यायचाच. देसँच्या काळातला गाडीवान आपल्याकडे टिकून राहिला. मजुरी स्वस्त होती हे एक कारण, आणि दुसरे कारण कायदा. १९८८ च्या मोटर वाहन कायद्याखाली केंद्राने १९८९ मध्ये 'रेंट-अ-कॅब' योजना आणली. स्वतः चालवायच्या गाड्या भाड्याने द्यायला परवाना मिळू लागला, काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे आली. पण अट काय? परवान्यासाठी किमान ५० गाड्या हव्यात, त्यातल्या निम्म्या तरी वातानुकूलित.

हा आकडा मला झोंबतो. सिक्स्टने तीन गाड्यांवर सुरुवात केली. जेकब्सने बारा जुन्या मॉडेल टी स्वतः रंगवल्या. हे दोघे १९८९ सालच्या सावंतवाडीत जन्मले असते तर त्यांना परवानाच मिळाला नसता. पन्नास गाड्या घेणारा मुळातच भांडवलदार असतो, त्याला संधीची गरज नसते. संधी हवी असते ती तीन गाड्यांवाल्याला. मग तो काय करतो? आपली खाजगी पांढऱ्या पाटीची गाडी ओळखीने, चिठ्ठीवर, रोख पैशाने देतो. गोव्यात हे सर्रास चाललेले आणि मधूनमधून धाडी पडलेल्या सगळ्यांनी पाहिले आहे. तिथे अपघात झाला की विमा कंपनीला हात वर करायला कारण मिळते, आणि गाडीवाला, घेणारा आणि रस्त्यावरचा तिसराच माणूस असे तिघेही उघड्यावर पडतात. नियम विश्वास वाढवण्यासाठी करायचा असतो. इथे त्याने लहान माणसाला विश्वासाच्या वर्तुळाबाहेर ढकलले. मोटरसायकलींच्या १९९७ च्या योजनेत आकडा फक्त पाचाचा ठेवला होता. गोव्यात गल्लोगल्ली कायदेशीर भाड्याच्या दुचाकी दिसतात त्यामागे हेही एक कारण असावे.

आपल्याकडे ग्रँड टूरिंगला रस्ते नाहीत, हे कारण आता सांगता येणार नाही. रेवसपासून रेड्डीपर्यंतचा सागरी मार्ग घ्या. डावीकडे सह्याद्री, उजवीकडे समुद्र, मधे खाड्या आणि तरी. दिवसभर चालवून वेंगुर्ल्याला मासे खायला पोचायचे, हा बेत मिलानच्या बेतापेक्षा कुठे कमी आहे? मस्टँगच पाहिजे असे नाही. अंतर आनंदाने कापणारी कुठलीही नेटकी गाडी चालेल, फक्त ती एखाद्या रत्नागिरीकर पोराने स्वतः धुऊन, पुसून, कायदेशीर कागदांसह आपल्या हाती द्यायला हवी. आपले नाव, परवाना आणि विमा पाहून. आपले गाव, आडनाव किंवा 'कोणाच्या ओळखीने आलात?' हे न विचारता.

आमच्या गावाची रेल्वे सॅन फ्रान्सिस्कोला पोचली नाही, तरी रुळांशेजारी माणसांनी घरे आणून ठेवली आणि गाव उभे राहिले. तीन गाड्यांवाल्याला रूळ मिळाले तर तोही कुठेतरी पोचेल.